कार्ड आहे, स्लॉट नाही : एका जिस्ट कार्डासाठी यंत्र शोधताना

१/
मोडी येत नसेल तर पेशवाईतला कागद हातात असूनही मुका राहतो, हे या मालिकेच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आज मी ज्या मुक्या लेखनाविषयी लिहिणार आहे, ते मात्र जेमतेम तीस वर्षांपूर्वीचे आहे. ते शुद्ध बाळबोध मराठीत आहे, लिहिणारा माणूस अत्यंत काटेकोर होता, आणि तरीही ते त्याने पाहिले तसे पाहण्यासाठी मला सात महिने एक यंत्र शोधत हिंडावे लागले. धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

२/
सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी इतिहासाचे एक शिक्षक होते. त्यांचे नाव देत नाही. त्यांना ते आवडले नसते. १९९३ ते १९९६ या काळात त्यांनी आसपासच्या घरांतील मोडी कागद मागून आणले, बाळबोधीत उतरवले आणि कागद ज्याचे त्याला परत केले. परत गेलेल्या कागदांपैकी बहुतेक आता नाहीत. कुठे वाळवी लागली, कुठे वाडा पडला, कुठे वाटणीत पेटी कोणाकडे गेली ते कोणालाच ठाऊक नाही. उरल्या त्या सरांच्या संगणकातील प्रती. म्हणजे मूळ साधन गेले आणि नक्कलच साधन झाली. इतिहासात हे वारंवार घडते.

३/
सरांच्या कन्येने मला एक पुठ्ठ्याचे खोके दिले. त्यात साडेतीन इंची फ्लॉपींचे दोन डबे, हाताने लिहिलेली एक वही आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक लांबट हिरवे कार्ड होते. “बाबा म्हणायचे, फ्लॉपी गेल्या तरी एक वेळ चालेल, हे कार्ड टाकू नका,” ताई म्हणाल्या. “आम्हाला कधी कळलं नाही का ते. तुला कळलं तर सांग.” ते जिस्ट कार्ड होते.

४/
जिस्ट म्हणजे ‘ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी’. या कामाची मुळे आयआयटी कानपूरमध्ये आहेत. तेथे सत्तरच्या दशकापासून देवनागरी संगणकावर आणण्याचे प्रयत्न चालू होते. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली जिस्टचे काम तेथे बहरले. सी-डॅक म्हटले की आपल्याला डॉ. विजय भटकर आणि १९९१ चा ‘परम ८०००’ महासंगणक आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु परमच्या दिमाखात त्याच संस्थेतील हे लहानसे कार्ड झाकोळले गेले. ज्यांनी नव्वदच्या दशकात मराठीत संगणकावर काम केले, त्यांच्यापैकी अनेकांचा मराठीशी पहिला पडद्यावरचा परिचय या कार्डाने घडवला.

५/
अक्षरे दाखवण्यासाठी स्वतंत्र कार्ड कशाला, असा प्रश्न आज सहज पडेल. उत्तर त्या काळच्या पडद्यात आहे. डॉसचा पडदा म्हणजे ८० स्तंभ आणि २५ ओळींचे घरकुल. प्रत्येक घरात एक अक्षर. प्रत्येक घरासाठी स्मृतीत दोन बाइट : एक अक्षराचा क्रमांक, दुसरा रंगाचा. संपूर्ण पडदा अवघ्या ४,००० बाइटांचा. एका बाइटात २५६ क्रमांक मावतात. त्यांतील पहिले १२८ इंग्रजी व नियंत्रणचिन्हांनी व्यापलेले. उरलेल्या १२८ मध्ये देवनागरीची जोडाक्षरे बसवायची कशी? क्ष, त्र, ष्ट्य, र्त्स्न्य अशी आपली अक्षरे एकमेकांवर चढतात, रफार डोक्यावर जातो, ऱ्हस्व वेलांटी मागे येऊन उभी राहते.

६/
जिस्टने प्रश्न उलटा सोडवला. साठवायचे फक्त मूळ वर्ण. जोडाक्षर पडद्यावर आणताना कार्डाने घडवायचे. वर्णांचे हे क्रमांक म्हणजे ‘इस्की’ संहिता. १९९१ मध्ये ती भारतीय मानक आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाली. तीत ‘क’ चा क्रमांक १७९, ‘ळ’ चा २१०, हलन्ताचा २३२. गंमत अशी की बंगाली, गुजराती, तेलुगू यांच्या ‘क’ चाही क्रमांक १७९ च. लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या वेषात समोर येई. जोडणीचे श्रम कार्ड करत असल्याने डीबेस, लोटस यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालीही मराठीत चालत. आपण मराठी दाखवत आहोत याचा त्यांना पत्ताही नसे.

७/
आता हेच कार्ड काढून घेतले तर काय होईल? डॉसच्या मूळ चिन्हतक्त्यात १७९ ते २१८ हे क्रमांक चौकटी आखण्याच्या रेघांना दिलेले आहेत. त्यामुळे ‘क’ च्या जागी एक उभी रेघ दिसते, ‘ख’ च्या जागी डावीकडे फाटा फुटलेली रेघ, ‘म’ च्या जागी दुहेरी रेघांचा सांधा. मराठीचे अख्खे पान कोपरे, खांब आणि तुळया यांनी भरून जाते. सरांची फाइल मी आजच्या संगणकावर जुन्या डॉसचे सोंग घेणाऱ्या प्रणालीत प्रथम उघडली, तेव्हा पडलेल्या वाड्याचा आराखडा पाहतो आहोत असे वाटले.

८/
जाणकार वाचक येथे थांबवतील : क्रमांक ठरलेले आहेत, तक्ता प्रसिद्ध आहे, मग युनिकोडमध्ये रूपांतर करून टाका. युनिकोडच्या भारतीय लिप्यांची मांडणीच मुळी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. बरोबर. आणि तसे रूपांतर पूर्वी झालेही होते. एका संस्थेने सद्भावनेने ते करून घेतले होते. त्याचे छापील गठ्ठेही ताईंकडे होते. मजकूर वाचता येत होता. फक्त एक परिच्छेद कोणालाच लागत नव्हता.

९/
तो परिच्छेद सरांच्या पहिल्याच फाइलीच्या आरंभी होता. वाचकाला सूचना म्हणून त्यांनी लिहिले होते : शब्द ‘सर्व’ असा दिसला तर मूळ कागदात तसाच आहे असे समजावे, ‘सर्व’ असा दिसला तर जोडणी माझी आहे असे समजावे. दोन्ही ठिकाणी तोच शब्द, तसाच लिहिलेला. छापील गठ्ठ्यात कोणीतरी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. ज्या माणसाने चार वर्षे एकेक अक्षर तपासले, तो पहिल्याच पानावर असे निरर्थक वाक्य लिहील हे मला पटेना.

१०/
मूळ बाइट उघडून पाहिले. पहिल्या ‘सर्व’ मध्ये हलन्ताचा क्रमांक २३२ एकदा होता, दुसऱ्यात लागोपाठ दोनदा. इस्कीच्या मानकानुसार दोन हलन्त म्हणजे ‘स्पष्ट हलन्त’ : अक्षरे जोडायची नाहीत, पाय मोडलेला उघड दाखवायचा. रूपांतर करणाऱ्या प्रणालीने दोनांतील एक हलन्त फाजील समजून गाळला होता. पण मानकात एक गोष्ट लिहिलेली असणे आणि सरांच्या पडद्यावर तीच दिसत असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. सरांच्या सगळ्या फाइलींत असे दुहेरी हलन्त शेकडो ठिकाणी होते. ते सारे हेतुपुरस्सर होते, की जुन्या कळफलकाची कळ दोनदा उमटत होती? सरांना पडद्यावर फरक दिसत असेल तरच हेतू सिद्ध होतो. साक्षीदार एकच होता : ते कार्ड.

११/
आता कार्डाला घर हवे होते. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची पट्टी असते. ती मदरबोर्डवरील ज्या स्लॉटमध्ये बसते, त्याचाही इतिहास आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्याच्या स्लॉटला ६२ संपर्कबिंदू होते आणि एका वेळी आठ बिट ये-जा करीत. १९८४ च्या पीसी-एटी मध्ये त्याच स्लॉटच्या पुढे ३६ बिंदूंचा दुसरा तुकडा जोडून तो सोळा बिटांचा केला. जुने कार्ड नव्या स्लॉटमध्ये चालावे म्हणून ही युक्ती. आयबीएमने यंत्राची तांत्रिक पुस्तिका आराखड्यांसह छापली होती, त्यामुळे जगभर कोणालाही या स्लॉटसाठी कार्ड बनवता येई. जिस्ट कार्ड जन्मले ते या उघड्या दारामुळे.

१२/
१९८७ मध्ये आयबीएमने ते दार लावून घेऊ पाहिले. पीएस/२ यंत्रांत ‘मायक्रो चॅनेल’ हा नवा स्लॉट आला. त्यात जुनी कार्डे बसत नसत आणि तो वापरायचा तर परवाना लागे. प्रतिस्पर्धी नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये ‘ईसा’ नावाचा विस्तारित पर्याय जाहीर केला, आणि जुन्या स्लॉटला ‘आयसा’, म्हणजे उद्योगमान्य रचना, हे नाव याच सुमारास मिळाले. बारसे झाले ते असे उशिरा. लढाईत मायक्रो चॅनेल मागे पडला, पण आयसाही फार काळ निर्वेध राहिला नाही. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणला. १९९९ च्या सुमारास नव्या यंत्रांत आयसा नकोच, असे मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या मार्गदर्शिकेने ठरवले, आणि त्याच वर्षीच्या इंटेल ८१० चिपसंचातून तो वगळला गेला.

१३/
कार्डाची गरजही त्याच काळात सरली. विंडोजने पडदा घरकुलांऐवजी ठिपक्यांनी रंगवायला सुरुवात केली, तेव्हा मराठी अक्षर हे एक चित्र होऊन गेले. मग निरनिराळ्या फॉन्टांचा सुळसुळाट झाला, आणि विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड मूळ प्रणालीतच आले. थोडक्यात, स्लॉट आणि त्यात बसणारे कार्ड दोघेही एकाच दशकात निवृत्त झाले. कोणी कोणाला निरोप दिला नाही.

१४/
माझा शोध सुरू झाला तो अटींच्या यादीने. पहिली अट : दोन्ही तुकडे असलेला सोळा बिटांचा स्लॉट, कारण आठ बिटांचे कार्ड त्यात चालते, उलट होत नाही. दुसरी : खरे डॉस, सोंग घेतलेले नव्हे. सोंगाच्या यंत्रात कार्ड खोचायला जागाच नसते. तिसरी : यंत्र कार्डाच्याच काळातले, कारण बंद पडलेल्या दोन गोष्टी एकत्र आणल्या तर दोष कोणाचा ते कळत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने मला यूएसबीला आयसा जोडणारा अडॉप्टर सुचवला. ती वस्तू खरी आहे, पण येथे निरुपयोगी. डॉसमधील प्रणाली कार्डाशी थेट स्मृतीच्या आणि पोर्टांच्या ठरलेल्या पत्त्यांवर बोलते. यूएसबीच्या पलीकडे बसलेले कार्ड त्या पत्त्यावर राहतच नाही.

१५/
पहिले यंत्र मिळाले ते पेन्टियम-३ चे. त्याचा इंटेल ४४०बीएक्स चिपसंच १९९८ चा. आयसा स्लॉट असलेल्या शेवटच्या नामांकित पिढीतला. रूप देखणे, प्रकृती उत्तम. डॉस चालले, आणि सरांची शोधप्रणाली सुरू करताच ‘रनटाइम एरर २००’ असे म्हणून बंद पडली. हा शून्याने भागल्याचा इशारा. वास्तविक तेथे शून्य कुठेच नव्हते.

१६/
कारण मोठे रंजक आहे. ती प्रणाली सरांच्या एका माजी विद्यार्थ्याने टर्बो पास्कलमध्ये लिहिली होती. टर्बो पास्कलचा एक भाग सुरू होताच यंत्राचा वेग मोजतो : घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामे आवर्तन किती वेळा फिरते ते पाहतो आणि त्या संख्येला ५५ ने भागतो. यंत्र फार वेगवान असेल तर उत्तर सोळा बिटांत मावत नाही, आणि प्रोसेसर भागाकार फसल्याचे कळवतो. १९९२ साली ही मर्यादा कोणी ओलांडेल असे लिहिणाऱ्यांना वाटले नसावे. यावर दुरुस्तीचे तुकडे उपलब्ध आहेत. परंतु मला साक्षीदाराची जबानी हवी होती. ती घेण्यापूर्वी कागदात खाडाखोड करणे योग्य वाटले नाही. म्हणून यंत्रच मागच्या पिढीचे, ४८६ चे, शोधायचे ठरवले.

१७/
पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी सगळ्या काळांची रद्दी एकत्र पसरलेली असते. तिथे मदरबोर्ड किलोवर विकले जातात. “दादा, सोनं काढायला पाहिजे का?” विक्रेत्याने विचारले. “ह्याच्या दातांना असतं. गेल्या आठवड्यात पोतंभर गेलं बघा.” जुन्या बोर्डांचा बाजारभाव ठरतो तो त्यांच्या सोनेरी मुलाम्यावर, त्यांना काय येत होते यावर नव्हे. ताम्रपट वितळवून भांडी केल्याच्या कथा आपण हळहळत वाचतो. तीच गोष्ट येथे दर आठवड्याला चालू आहे, एवढेच. पाचव्या फेरीला एक ४८६ डीएक्स२ चा बोर्ड सापडला. सोळा बिटांचे स्लॉट शाबूत. पण एका कोपऱ्यात हिरवट बुरशीसारखे काही.

१८/
ती बुरशी नव्हे, बॅटरी. त्या पिढीच्या बोर्डांवर घड्याळ आणि मांडणी लक्षात ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची लहान नळकांडी बॅटरी झाळलेली असे. वर्षांनुवर्षे पडून राहिली की ती पाझरते आणि तिचा अल्कधर्मी द्रव तांब्याच्या रेघा खातो. जुन्या संगणकांचे हे सर्वांत मोठे मरणकारण. आमच्या गल्लीत पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी बॅटरी कापून काढली, डाग व्हिनेगरने शमवला, मग अल्कोहोलने धुऊन दोन दिवस वाळवला आणि भिंगाखाली दोन तुटलेल्या रेघा केसासारख्या तारेने सांधल्या. “रोग बाहेरून दिसतो तेवढा नाही,” ते म्हणाले. पैसे घेतले नाहीत. चालू झाल्यावर दाखवायला बोलाव म्हणाले.

१९/
विजेचाही प्रश्न होता. आयसा स्लॉटला अधिक ५ आणि अधिक १२ व्होल्टबरोबरच उणे १२ आणि उणे ५ व्होल्टही पुरवायचे असतात. आजच्या पुरवठापेट्यांत उणे ५ नसतेच. कार्डाला ते लागते की नाही याचा जुगार न खेळता जुन्या एटी धाटणीची पेटी मिळवली. तिची पी-८ आणि पी-९ ही दोन टोके शेजारी शेजारी बसतात आणि उलटी बसवली तर बोर्ड जळू शकतो. जुन्या कारागिरांचा नियम सोपा : काळ्या तारा काळ्यांशेजारी. पाच पिनांचा जाड कळफलक सरांच्याच घरी माळ्यावर निघाला. त्याच्या कळांवर इन्स्क्रिप्टच्या मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या अजून होत्या. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने.

२०/
शेवटचा अडथळा पत्त्यांचा. आयसाच्या जगात कोणते कार्ड कोणत्या पत्त्यावर राहणार हे ठरवणारा तलाठी नसतो. ज्याचा त्याने आपला पत्ता जंपर नावाच्या इवल्या टोप्यांनी ठरवायचा. दोघांनी एकच पत्ता सांगितला की दोघेही गप्प. माझ्याकडे कार्डाची पुस्तिका नव्हती. म्हणून जंपर सरांनी ठेवले तसेच ठेवले आणि बाकीच्यांनाच हलवले : आवाजाचे आणि नेटवर्कचे कार्ड काढले, बायोसमधील शॅडो स्मृती बंद केली, ईएमएम३८६ हा स्मृतिव्यवस्थापक सुरूच केला नाही. पडद्यासाठी साधे जुने व्हीजीए कार्ड घेतले. फ्लॉपींच्या खिडक्या उघड्या असल्याची, म्हणजे त्यांवर लेखन बंद असल्याची, खातरी केली आणि आधी सगळ्यांच्या पूर्ण प्रती काढल्या. तोवर मूळ फ्लॉपी या यंत्रात घातली नाही.

२१/
फेब्रुवारीतल्या एका रात्री काका, ताई आणि मी असे तिघे त्या यंत्रापुढे बसलो होतो. डॉस आले, जिस्टची प्रणाली चढली, सरांची पहिली फाइल उघडली. क्षणभर त्याच चौकटी आणि खांब दिसले. मग पडदा एकदा लवला आणि रेघांची अक्षरे झाली. ठळक, थोडी ओबडधोबड, पायऱ्यापायऱ्यांची देवनागरी. ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

२२/
आणि तो परिच्छेद. ‘सर्व’ असा दिसला तर मूळ कागदात तसाच आहे असे समजावे. ‘सर्‌व’ असा दिसला तर जोडणी माझी आहे असे समजावे. पहिल्या शब्दात रफार डोक्यावर, दुसऱ्यात ‘र’ चा पाय उघड मोडलेला. मोडी लिहिणारे कारकून पुष्कळदा जोडाक्षर न करता सुटी अक्षरे लिहीत : ‘सरव’, ‘करज’. ते ‘सर्व’ वाचायचे हे संदर्भाने ठरते. सरांनी संदर्भाने ठरवले तेथे पाय मोडला, आणि कागदातच जोडणी होती तेथे अक्षर जोडले. एका हलन्ताने त्यांनी प्रत्येक पानावर आपल्या वाचनाची आणि मूळ कागदाची सीमा आखली होती.

२३/
एवढ्याशा खुणेने काय बिघडते, असे वाटेल. ‘करज’ चे ‘कर्ज’ झाले तर फारसे काही नाही. परंतु एका महजरातील साक्षीदारांच्या यादीत एक आडनाव आहे. जोडाक्षर असेल तर ते एका घराण्याचे, सुटे अक्षर असेल तर दुसऱ्याचे. दोन्ही घराणी आज नांदती आहेत, म्हणून नाव देत नाही. रूपांतरित छापील प्रतीत ते आडनाव निःसंदिग्ध जोडलेले होते आणि त्या आधारावर एका स्थानिक इतिहासात विधानही झाले आहे. सरांच्या पडद्यावर त्या अक्षराचा पाय मोडलेला आहे. म्हणजे कागद दुसरी शक्यताही मोकळी ठेवतो, असे सर सांगत होते. रूपांतराने मजकुराचा एक शब्दही बदलला नाही. त्यातील शंका तेवढी पुसून टाकली.

२४/
संशोधकाने मांडलेल्या शंकेला मी त्याच्या निष्कर्षाइतकेच मोल देतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध केली, तेव्हापासून आपल्याकडे मूळ कागदाला मान आहे. मूळ म्हणजे शाई आणि कागद हे मात्र आता पुरेसे नाही. १९८५ नंतरच्या काळाचे मूळ म्हणजे बाइट, त्यांचा अर्थ सांगणारी संहिता आणि तो अर्थ डोळ्यांपुढे उभा करणारे यंत्र. तिघांतील एक गेला की उरलेले दोन अर्धवट साक्ष देतात. ‘फ्लॉपी गेल्या तरी चालेल’ हे सरांचे वाक्य मी अतिशयोक्ती समजत होतो. आता त्यातला आशय कळतो : मजकुराची नक्कल आणखी कुठे मिळेल, तो वाचण्याची रीत दुसरीकडे मिळणार नाही.

२५/
आता कामाचे. सगळ्या फाइलींचे नवे रूपांतर झाले असून त्यात दुहेरी हलन्ताच्या जागी न-जोडणारे युनिकोड चिन्ह घातले आहे. प्रत्येक फाइलीबरोबर मूळ बाइट जसेच्या तसे आणि जिस्टच्या पडद्याचे छायाचित्र ठेवले आहे, म्हणजे उद्या कोणाला माझ्या वाचनावर शंका आली तर पडताळता येईल. त्या स्थानिक इतिहासाच्या लेखकांना पडद्याचे छायाचित्र पाठवले. पुढील आवृत्तीत टीप देण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

२६/
तुमच्यापैकी कोणाच्या घरी, शाळेत, ग्रंथालयात किंवा पतपेढीच्या माळ्यावर त्या काळातला संगणक असेल तर तीन विनंत्या. एक : सुरू करून पाहण्याआधी आत डोकावा, बॅटरी पाझरली आहे का बघा, आणि पाझरली नसली तरी जाणकाराकडून काढून घ्या. दोन : आतील लांब कार्डे भंगारात देऊ नका, जंपर न हलवता त्यांचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढा. तीन : फ्लॉपी सापडली तर तिची खिडकी उघडी करून आधी पूर्ण प्रत घ्या, मग वाचा. आणि फाइलीत नुसते कोपरे आणि खांब दिसले तर ती बिघडली आहे असे मानू नका. ते मराठी असू शकते.

२७/
ताईंना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. यंत्र आता त्यांच्याच घरी, सरांच्या टेबलावर आहे. बोर्डावर आणखी दोन रेघा कमकुवत आहेत, असे काकांचे मत आहे, म्हणून ते महिन्यातून एकदा अर्धा तासच सुरू करतो. सुटे भाग म्हणून दुसऱ्या ४८६ बोर्डाचा शोध चालू आहे. कोणाला दिसला, तर किलोच्या भावाने जाण्याआधी कळवावे.